काठावरचं गाणं थांबलं

नॉक्सव्हिल, टेनेसी
२० मे १९२८

ती. ताईस,
होबार्टचा सा. न. वि. वि.

तुझं मार्चचं पत्र मला या आठवड्यात मिळालं. मधल्या काळात मी तीन गावं बदलली आणि ते बिचारं माझ्या मागे धावत होतं. गरम पायमोजे आहेत का, असं तू विचारलंस. होते. एका खेचरवाल्याला दिले. त्याचं खेचर भजन म्हटलं तरच चालतं, दुसरं काही गायलं की रस्त्यात बसतं. चौदा मैल मी त्याच्या गाडीवर बसून भजनं म्हटली. शेवटी खेचराला पाठ झाली असतील, मला होईनात. पण ते असो.

बातमी ही की तुझ्या भावाची तबकडी निघाली. हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. भिंतींवर रजया टांगलेल्या, खिडक्या बंद, मधे मेणाची चकती फिरते आणि आपण तिच्यासमोर उभं राहून गायचं. चकती ऐकत असते, ताई. माणसं ऐकतात तशी नाही. माणसं मधे खोकतात तरी. कंपनीचा माणूस उत्तरेकडचा, घामाने निथळणारा. माझी दोन प्रेमाची गाणी होईपर्यंत तो नखं पाहत बसला. मग म्हणाला, तुमच्या डोंगरात कुणी मेलं-बिलं नाही का रे? लोकांना पूर लागतो, खून लागतो, आणि शेवटी न्यायाच्या दिवसाचं एक कडवं लागतं. लोक त्या कडव्यासाठीच तबकडी घेतात म्हणे.

म्हणून मी आपल्या बांधाचं गाणं म्हटलं. रागावू नकोस. आईचं नाव नीट घेतलंय. पहिल्या कडव्यात ती पांढरा झगा घालून बाप्तिस्म्यासाठी ओढ्यात उतरते. दुसऱ्यात वरचा ओंडक्यांचा बांध सुटतो आणि ती आणि कॉडिलांची दोघं वाहून जातात. चाल आपल्या देवळाच्या मंडळीतली, माणूस पुरताना म्हणतात ती. माझ्या गाण्यात बांध आपोआप फुटत होता, नऊ वर्षं सगळे म्हणतात तसा. त्यावर तो माणूस म्हणाला, आपोआप फुटलेल्या बांधाला नरकात कसं धाडणार, मला माणूस दे. तर मी मॅनफर्डकाकांना दिलं. बांधावर पहारा त्यांचाच होता ना. शिवाय त्यांचं नाव चालीत असं बसतं, जणू चाल त्यांचीच वाट पाहत होती. तिसरं कडवं मी तिथं उभ्या उभ्या जुळवलं. माझं मलाच आवडलं:

काठावरचं गाणं थांबलं, थांबला वारा वर,
मॅनफर्डचा हात गेला बांधाच्या पाचरीवर.

आणि शेवटचं:

पुस्तक उघडेल त्या दिवशी, वाचतील नाव न् नाव,
पाणी येईल दाराशी, मॅनफर्ड, कुठवर घेशील धाव?

ते संपल्यावर कंपनीच्या माणसाने रुमालाने मान पुसली आणि खिडकी उघडायला सांगितली.

काकांना हे कळायचं कारण नाही. आपल्या खोऱ्यात ग्रामोफोन आहे कुणाकडे? माझ्यावरचा लोभ आहे तेवढा ठेव, वाढवलास तरी हरकत नाही.

तुझा,
होबार्ट

केनी फोर्क, केंटकी
३० जून १९२८

चि. होबार्ट यास,
अ. उ. आ.

पायमोज्यांचं वाचून हसू आलं. नवा जोड विणायला घेतलाय. तुझा पत्ता महिनाभर एका जागी राहिला तर पाठवीन, नाहीतर त्या खेचरासाठी आणखी दोन विणते.

आपल्या खोऱ्यात ग्रामोफोन आहे. एस्टिलने दुकानात वसंतात आणला आणि आता तुझी तबकडीही आणली. तुझ्या तोंडून आईचं नाव ऐकलं तेव्हा मी पिठाची पिशवी तिथंच टाकून बाहेर आले. आवाज बाबांवर गेलाय तुझा. हे आधी सांगते, कारण पुढचं चांगलं नाही.

तिसरं कडवं लागलं की एस्टिलचा कुत्रा उठून बाहेर जातो. मेपासून पाऊस नाही, ओढ्यात नुसते दगड उरलेत, तरी बायका म्हणतात की तुझ्या आवाजामागे पाणी वाहताना ऐकू येतं. मी म्हटलं, सुईची खरखर आहे ती. मलाही पाणीच ऐकू आलं, पण मी खरखर म्हटलं.

मॅनफर्डकाकांशी कुणी बोलत नाही. रागाने नव्हे. ते जणू दिसतच नाहीत कुणाला. परवा दुकानात त्यांनी रॉकेल मागितलं. एस्टिलने डबा भरून पुढे सरकवला आणि तेवढा सगळा वेळ माझ्याशी उन्हाविषयी बोलत राहिला. काका मला म्हणाले, डेल्फी, तुला तरी दिसतोय ना गं मी? थट्टेत म्हणाले. हसले ते एकटेच.

आता मुद्द्याचं. नऊ वर्षांपूर्वी मंडळीने काय ठरवलं ते तुला ठाऊक आहे. काका म्हणाले बांध आपोआप फुटला, साक्षीदार कुणी नव्हता, म्हणून निवाडा न्यायाच्या दिवसावर सोडला. आता पाळक वायली म्हणतात, साक्षीदार मिळाला. तबकडी. माणूस एकच गोष्ट चारदा सांगताना चार ठिकाणी अडखळतो, हा पठ्ठ्या एकोणीस वेळा बोलला आणि एक शब्द हलला नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यातून तू चाल निवडलीस ती पुरण्याची. तिच्यावर आपल्यात कधी कुणी खोटं म्हटलेलं नाही, तुझ्या अक्कलहुशारीआधी तरी. १८ ऑगस्टच्या शनिवारच्या बैठकीत आरोप ठेवणार आहेत. काकांना मंडळीतून काढलं तर लुसिंडाकाकूंशेजारी पुरू देणार नाहीत. काकूंच्या दगडावर काकांचं नाव आधीच कोरलेलं आहे, फक्त वर्ष भरायचं राहिलंय. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस आहे, होब.

बांध फुटला त्या रविवारी तू तापाने फणफणून घरी पडला होतास. तुला काय माहीत असणार? माहीत नसेल तर ये, मंडळीसमोर उभा राहा आणि हे मी रचलं म्हणून सांग. १८ च्या आत. वाटेत कुठलं खेचर भेटलं तरी थांबू नकोस.

लोभ करायला तू समोर असावास, एवढीच इच्छा.
ताई

बिग स्टोन गॅप, व्हर्जिनिया
२२ जुलै १९२८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस भाकर गोड लागली नाही. रचलंय, ताई. सगळं रचलंय. मला काही माहीत नव्हतं. मी नक्की येतो.

सध्या मी एका औषधवाल्या डॉक्टरबरोबर आहे. तो डॉक्टर नाही, आधी न्हावी होता. मी गायचं, गर्दी जमली की त्याने बाटल्या विकायच्या. बाटलीतलं औषध गुडघ्याला लावलं तरी चालतं आणि प्यायलं तरी चालतं, असं तो सांगतो. मी दोन्ही करून पाहिलं, गुडघा आणि मी दोघेही झोपलो. इथं एक बाई सफरचंदाची पाई अशी करते की मी तिच्या परसातली लाकडं तीन दिवस फोडली. हे सांगायचं कारण, तिच्या शेजारणीकडे माझी तबकडी आहे.

लाकडं फोडत होतो आणि कुंपणापलीकडून माझा आवाज आला. आपल्याला आपला आवाज आतून ऐकू येतो. बाहेरून आलेला तो कुणा दुसऱ्याचाच वाटला. माझ्यापेक्षा म्हातारा, आणि खात्री असलेला. मी कुऱ्हाड टेकून ऐकत राहिलो. तिसऱ्या कडव्याआधी तो श्वास घेतो. मी तिथं श्वास घेतला नव्हता, ताई, मला पक्कं आठवतं, घ्यायला जागाच नव्हती. संपल्यावर शेजारीण कुंपणाशी येऊन मला म्हणाली, हा मॅनफर्ड खरा आहे का हो, आणि आला का त्याच्या दाराशी पाणी? तिला ठाऊकही नव्हतं की गाणारा मीच. मी म्हटलं, नाही आलं. ती म्हणाली, येईल.

आता ते गाणं मी म्हणत नाही. म्हणायला गेलो की गिटारची तार तुटते असं सांगणार होतो, पण ते खरं नाही. तारा ठीक आहेत. मलाच भीती वाटते.

काकांना सांग, मी येतोय. त्यांनी मला गळ बांधायला शिकवलं होतं, आठवतं? डॉक्टरचा तंबू पुढच्या आठवड्यात पूर्वेकडे हलतोय, तो उभा करून दिला की निघतो. मला विसरू नका, दोघंही.

होबार्ट

ब्लूफील्ड, वेस्ट व्हर्जिनिया
१४ ऑगस्ट १९२८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तंबू, डॉक्टरचा ताप, घोड्याचा नाल, ही सगळी कारणं मी लिहून काढली होती आणि तो कागद फाडला. काल गाडी वेळेवर आली, वेळेवर सुटली, मी फलाटावर होतो आणि चढलो नाही. खिडकीतून एक म्हातारा माझ्याकडे पाहत होता. अनोळखी होता. तरी पाय उचलला नाही.

सोबत वेगळ्या कागदावर मंडळीला पत्र लिहिलंय, की मी, होबार्ट, त्या दिवशी घरी होतो, काही पाहिलं नाही, कुणी सांगितलं नाही, तिसरं आणि शेवटचं कडवं खोटं आहे. पाळकांना वाचायला दे. कागदावर दोन ठिकाणी खोडलंय, ते नीट लिहायचं म्हणूनच. माझं टपाल इथंच पाठव.

मी लोभाच्या लायकीचा राहिलो नाही, तरी मागतो.
होबार्ट

केनी फोर्क
२० ऑगस्ट १९२८

चि. होबार्ट यास,
अ. आ. (उत्तम हा शब्द या खेपेला गाळते.)

तुझा कागद शनिवारी सकाळी मिळाला. मी तो घेऊनच देवळात गेले.

देवळात वाद्य येऊ देत नाहीत, म्हणून ग्रामोफोन आत नेणं शक्य नव्हतं. एस्टिलने तो गाडीवर ठेवून गाडी कबरस्तानाच्या बाजूच्या खिडकीशी उभी केली आणि पाळकांनी खिडकी उघडायला लावली. आम्ही आत बाकांवर, आणि तुझा आवाज बाहेरून, आईच्या दगडाकडून येत होता. वारा नव्हता. पंखे हलवायचंही बायका विसरल्या. काका पुढच्या बाकावर हॅट मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी ते गाणं तोवर कधीच ऐकलं नव्हतं. दुकानात लागलं की ते निघून जायचे.

मी बोट वर करून, विचारून उठले आणि तुझा कागद दिला. पाळकांनी तो मोठ्याने वाचला, खोडलेलंसुद्धा. मग म्हणाले, बहिणी, हा कागद दोनदा अडखळलाय आणि तो आवाज एकदाही नाही. शिवाय आवाज इथवर आला, कागद लिहिणारा आला नाही. यावर उत्तर तुला सुचलं तर कळव.

तेव्हा मॅनफर्डकाका उभे राहिले. म्हणाले, पोराने खोटं सांगितलं असं तो म्हणतो, पण त्याने खोटं सांगितलेलं नाही. पाचर मीच काढली.

सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. आदल्या दिवशी वरच्या अंगाला पाऊस झाला होता, बांध कण्हत होता. फुटला असता तर खालची गिरणीही गेली असती. पाणी थोडं थोडं सोडावं असं त्यांच्या मनात होतं, पण खाली बाप्तिस्मा होता, म्हणून ते बांधाचं दार अडवणाऱ्या पाचरीशी बसून काठावरचं गाणं ऐकत राहिले. गाणं आहे तोवर माणसं आहेत. मग गाणं थांबलं. त्यांना वाटलं, झालं, गेले सगळे घरी. त्यांनी पाचर ठोकून काढली, आणि थोडंथोडं सुटायचं ते सगळंच सुटलं.

मी काठावर होते, होब. गाणं थांबलं कारण पाळक प्रार्थना करत होते. ती शांतता मला आठवते. आई कमरेइतक्या पाण्यात हात जोडून उभी होती आणि एक खंड्या पक्षी ओढ्यावरून गेला.

मला वाटलं होतं, असं कधी कानावर आलं तर मी त्या माणसाचा गळा धरीन. मी बसून राहिले. प्रार्थना दोन ओळींनी लहान असती तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

काका म्हणाले, हे मी लुसिंडालाही सांगितलं नव्हतं. गाणं थांबलं म्हणून हात गेला, हे फक्त मला आणि पाण्याला ठाऊक. मग माझ्याकडे वळून म्हणाले, होबला विचार, त्याला कुणी सांगितलं.

तर विचारते. कुणी सांगितलं?

मंडळीने क्षमा केली. कबूल करणाऱ्याला काढत नाहीत. पाळकांनी हात दिला, कॉडिलांच्या थोरल्याने दिला, मीही दिला. दगडावर वर्ष भरायला आता आडकाठी नाही. इथंच संपलं असतं तर बरं होतं. पण काल रविवारी प्रभुभोजनानंतर पाय धुण्याचा विधी झाला. पाळक स्वतः टॉवेल बांधून, घमेलं घेऊन काकांपुढे गुडघ्यांवर बसले. काकांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. म्हणाले, तुम्ही भली माणसं आहात, तुम्ही क्षमा कराल. पण ती तिघं पाण्यात गेली, आणि पाण्याने अजून क्षमा केलेली नाही. ते यायचंय माझ्या दाराशी, त्या गाण्याच्या पेटीत सांगितलंय. पाळक भरलेलं घमेलं धरून शेवटी उठले.

आता काका रोज तीन वाजता दुकानात येतात, एस्टिलला तुझी तबकडी लावायला सांगतात, हॅट काढून शेवटपर्यंत ऐकतात आणि जातात. मी विचारलं, कशाला छळता जिवाला? म्हणाले, एखाद दिवशी वेगळं म्हणेल. मी म्हटलं, काका, ती तबकडी आहे. म्हणाले, हो, पण म्हणणारा जिवंत आहे ना.

मंडळीची क्षमा त्यांना पोचत नाहीये. त्यांना तुझी हवी आहे. आणि ती कागदावर येणार नाही. ये.

ताई

केनी फोर्क
६ सप्टेंबर १९२८

चि. होबार्ट यास,
अ. उ. आ.

हे पत्र ब्लूफील्डच्या पत्त्यावर टाकते आहे. तू तिथं आहेस की नाही देव जाणे.

मॅनफर्डकाका गेले. मंगळवारी, ४ तारखेला, ते नेहमीसारखे तीनला दुकानात आले. तबकडी संपल्यावर उठले नाहीत. एस्टिलला म्हणाले, आज शेवटचं कडवं निराळं म्हटलं रे त्याने. एस्टिल म्हणाला, काका, मी ऐकत होतो, तेच होतं. काका हसले. निराळं काय होतं असं विचारलं तर म्हणाले, होबला विचारा. मग हॅट घातली आणि घराकडे न जाता ओढ्याच्या कडेकडेने वर गेले. एस्टिल शपथेवर सांगतो की जाताना ते गुणगुणत होते.

बुधवारी सकाळी घरी नाहीत म्हटल्यावर आम्ही शोधायला निघालो. जुन्या बांधाचा एक ओंडका अजून तिथं काठावर पडलाय, त्यावर बसले होते, पाठ झाडाला टेकून. डोळे मिटलेले. चेहरा तू पाहायला हवा होतास. बूट काढून शेजारी नीट ठेवलेले, पायमोजे त्यांत घडी करून.

होब, चार महिने पाऊस नाही. त्या जागी ओढ्यात मूठभर पाणी नाही, चिखलसुद्धा वाळून तडकलाय. मी स्वतः हात लावून पाहिला. काकांचे पाय घोट्यापर्यंत ओले होते. ओले आणि स्वच्छ, लहान मुलाचे असावेत तसे. खालचे दगड कोरडे होते. पाळक वायलींनी हॅट काढली. पाय कुणी पुसले नाहीत. तसंच उचलून आणलं.

काल दुपारी लुसिंडाकाकूंशेजारी ठेवलं. पाळकांनी एकेक ओळ आधी सांगितली आणि तिच्यामागून आम्ही तुझीच चाल म्हटली, म्हणजे आपली सगळ्यांचीच.

तू निराळं काय म्हटलंस ते मला कळायला हवं. तू म्हटलं असशीलच, असं मी धरून चालले आहे.

तुझी वाट पाहणारी,
ताई

(हे पत्र डेल्फियाला ८ तारखेला, शनिवारी, मिळालं.)

विल्यमसन स्टेशन, वेस्ट व्हर्जिनिया
मंगळवार, ४ सप्टेंबर १९२८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निघालोय. खरंच निघालोय, हे नाव बघ वर, हे आपल्या वाटेवरचं स्टेशन आहे. दुपारची गाडी चुकली, ती या वेळी माझ्यामुळे नाही, तीच आधी सुटली. पुढची उद्या. फलाटावर मी आणि खुराड्यातली एक कोंबडी. तिला कुणी न्यायला आलेलं नाही आणि ती माझ्याकडे असं बघते, जणू मीच विसरलोय तिला. पण ते असो, आज नाही.

कुणी सांगितलं, असं काका विचारतात. कुणीच नाही. मी तोंड उघडलं आणि ते आलं, एवढंच मला ठाऊक. जुळवलं म्हणून मिरवत होतो. आता वाटतं, त्या खोलीत चकती जशी मला ऐकत होती, तसा मीही कुणाचं तरी ऐकत होतो. त्याचा जास्त विचार मी करत नाही.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलंय. घमेल्यापाशी मी दर वेळी थांबतो. आई जिवंत असती तर तिने काकांचे पाय ओढून बाहेर काढले असते आणि धुतलेही असते, बडबडत का होईना. ती तशीच होती. म्हणून मी शेवटचं कडवं बदललं. कागदावर लिहून नव्हे, गाऊन. आज तीन वाजता इथल्या बाकावर गिटार घेतली आणि मे महिन्यानंतर पहिल्यांदाच ते गाणं पहिल्यापासून म्हटलं. तिसरं कडवं तसंच ठेवलं, ते खरं आहे. शेवटी हे म्हटलं:

पाणी येईल दाराशी, नाव घेणार नाय,
मॅनफर्ड, काढून ठेव बूट, धुवील तुझे पाय.

म्हणताना आवाज एकदा अडखळला. बरं वाटलं. संपल्यावर सगळं इतकं शांत झालं की कोंबडीसुद्धा गप्प. कुणीतरी ऐकलं असं वाटून मी मागे वळून पाहिलं. रिकामा रूळ होता.

तबकडी बदलता येणार नाही, पण मी रोज येऊन त्यांच्या ओसरीवर बसून हे म्हणेन, जितके दिवस ते म्हणतील तितके. शनिवारपर्यंत पोचतो. तोवर काकांना सांगू नकोस, मला स्वतःला म्हणायचंय. फक्त एवढं कर, तीन वाजता ते दुकानाकडे निघाले तर त्यांना घरी बसव, भाकर-ताक दे आणि म्हण, थोडी कळ काढा, पोरगं वाटेत आहे.

लोभ या वेळी समोर बसून मागेन.
तुझा,
होबार्ट